हिराचा बिडाचा टब

हिरे,

रविवारी महेश माणूस घेऊन येतो म्हणालाय. टब फोडायला. तुला जाऊन अजून महिना झाला नाही, आणि घरातली पहिली मोडतोड टबाची निघाली.

मी त्याला हो म्हणालो नाही, नाही पण म्हणालो नाही. पोराशी वाद घालायचं काम तुझं होतं. मी आपला मागून "आई बोलते ते बरोबर हाय" एवढंच बोलायचो. आता पुढे बोलणारंच कोणी नाही, तर मागून काय बोलू?

लिहायची मला सवय नाही. चौथीत शाळा सुटली, तेव्हापासून पेन्सिल कानामागे राहिली ती भिंतीवर खुणा करायला. पण तोंडानं बोलत बसलो तर शेजारपाजारचे म्हणतील, म्हातारा भ्रमिष्ट झाला. म्हणून नातीची वही मागून घेतली. तुझ्याशी बोलायचं राहिलंय, आणि ते रविवारच्या आधी बोलायला पाहिजे.

महेशचं चुकत नाही, हे पहिलं सांगतो. तो म्हणतो, "बाबा, टबाचा काठ केवढा उंच हाय. पाय टाकताना तोल गेला तर? तुमी इथं बेटेगावात एकटे, आमी बोईसरला. दोन दिवस कळणार पण नाय." त्याला तिथे खरखरीत लाद्या घालायच्यात, भिंतीला फवारा लावायचाय, खाली प्लास्टिकची खुर्ची. खुर्चीवर बसायचं आणि न्हायचं. मी आयुष्यभर लोकांच्या न्हाण्या बांधल्या, मला कळत नाही का? म्हाताऱ्या माणसाला तेच बरं. आणि टब अख्खा बाहेर निघत नाही, ते तर तुला माहीत आहेच. त्यावरून तू मला किती टोचलं आहेस.

टब आला त्या दिवसापासूनच आपलं वाजायला लागलं. आठवतं ना? डहाणूच्या बाजूला समुद्राकाठी त्या पारशी बाईचा बंगला. तिचे नळ मी बघायचो. फार काटेकोर बाई. टब वापरून झाला की स्वतः मऊ फडक्यानं कोरडा करायची आणि मला म्हणायची, नळ थेंबभर पण गळता कामा नये, नाहीतर टबावर तांबडी रेघ पडते. बाई गेली, भाच्यांनी बंगला विकला, घेणाऱ्यानं पाडायला काढला. नळ सोडवायला मलाच बोलावलं. कंत्राटदार म्हणाला, टब फोड आणि भंगारात टाक. मी पान्ह्याच्या पाठीनं काठावर हळूच एक ठोका दिला. देवळातली घंटा वाजावी तसा वाजला. बिडाला चीर असली की आवाज मेलेला येतो. हा जिता होता. मला घण उचलवेना. म्हटलं, हा मी घरी नेतो. कंत्राटदार हसला. म्हणाला, उचलून दाखव.

दोरखंड बांधून, खाली पाईपांचे तुकडे घालून, सरकवत सरकवत जिन्यावरून उतरवला. टेम्पोत चढवेपर्यंत माणसांच्या शर्टाचं पाणी झालं. बेटेगावात आणला तेव्हा तू बाजारातून नुकतीच आली होतीस. मासळीची रिकामी पाटी अजून डोक्यावर. पाटी उतरवली नाहीस, तशीच टबाभोवती एक चक्कर मारलीस. चारी पायांना वाघाचे पंजे होते, त्यांच्याकडे वाकून बघितलंस.

"ह्यात किती पंगतींचं वरण होईल?" तू विचारलंस.

"आंघोळीचा टब हाय तो. अस्सल बिडाचा, ओतीव लोखंड."

"आंघोळीचा? उभ्यानं का आडव्यानं?"

"आडव्यानं."

"आडवं करून न्हाऊ घालतात ते मेल्यावर. जित्या माणसाला बसून पुरतं." आणि पाटी उतरवून आत गेलीस.

टेम्पोवाला एवढा हसला की त्याला चहा द्यावा लागला.

संध्याकाळी मी परत विषय काढला. म्हटलं, दिवसभर बाजारात उकिडवं बसतेस, पाय आखडतात, गरम पाण्यात लांब पाय करून पडलीस तर बरं वाटेल.  तू म्हणालीस, "माशे धुतलेल्या पाण्यात परत माशे टाकतं का कोण? माझ्या अंगाचा वास पाण्यात जाणार. त्या पाण्यात मीच बसणार. मग वास गेला कुठं? मी काय म्हैस हाय का, स्वतःच्या मळात लोळायला?"

मुरब्याची पोर तू. आमच्या त्या मासळीच्या गावात पण सगळ्यात तिखट. मी मुरबं सोडून नळाच्या धंद्यात पडलो, पण तू मासळी सोडली नाहीस. बाजारातून आलीस की आधी लिंबाच्या सालीनं कोपरापर्यंत हात घासायचीस, मग दोन बादल्या अंगावर. तांब्या असा ओतायचीस की बाहेर ओसरीवर मला आवाज यायचा. त्या आवाजावरून मला कळायचं, आज बाजार कसा झाला. धंदा बरा झाला असेल तर तांब्या सावकाश. गिऱ्हाईकानं डोकं खाल्लं असेल तर दणादण.

टब मी बसवलाच. नव्या न्हाणीच्या भिंती गुडघ्याएवढ्या आल्या होत्या, तेव्हाच आत ठेवला आणि मग भोवती भिंती चढवल्या. नाहीतर तेवढं वजन आत नेणार कसं? पायांखाली चांगला कोबा केला. पाणसळ लावून काठ बघितला. एकदम सरळ. तुला हाक मारली, ये बघ. तू आलीस, तांब्याभर पाणी टबात ओतलंस आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस. पाणी बुचाकडे जायचं सोडून मधेच तळं करून बसलं.

"प्लंबरच्या घरात पाणी जायला लाजतं," तू म्हणालीस.

मागच्या दोन पायांखाली शिशाचा पत्रा घडी करून घातला, तेव्हा कुठं उतार मिळाला. मग मी दार बसवलं, दोन फुटी. दारासमोर हातभर अंतरावर स्वयंपाकघराची भिंत. तू चौकटीत उभी राहून बराच वेळ बघत होतीस. मग विचारलंस, "आन् उद्या बाहेर काढायचा झाला तर?"

"बाहेर काढायचाय कशाला?"

"नाय, मी आपलं विचारलं."

माझ्या तोपर्यंत ते ध्यानातच आलं नव्हतं. पण तुला कबूल करीन तर शपथ.

पुढं त्या टबाचे तू काय हाल केलेस! मे महिन्यात नळाला पाणी येईना की तो पाण्याचा हौद. पावसाच्या आधी त्यात गोधड्या भिजवून वर चढून तुडवायचीस, लुगडं खोचून. सुकटीची पोती पण एकदा ठेवलीस, उंदीर चढत नाही म्हणून. मी ओरडलो की म्हणायचीस, "चार पाय लावलेत, काय तरी काम करू दे त्याला."

आणि ते डाग. पहिल्या दिवाळीला तू बंबाबरोबर टब पण चिंचेनं घासलास. बंब तांब्याचा, तो उजळला. टबाच्या पांढऱ्या मुलाम्याची काठावरची चकाकी गेली ती गेलीच. काचेसारखा असतो तो मुलामा, त्याला आंबट लागलं की मरतो. मी काय काय बोललो तुला. मग नळाखाली तांबडी रेघ पडली म्हणून मीच बाजारातनं अॅसिडची बाटली आणली. आपल्या बोईसरमध्ये घराघरात असते तशी. रेघ गेली, आणि तिच्याबरोबर काठापासून हातभर मुलामा गेला. त्या दिवशी तू मला हाताला धरून न्हाणीत नेलंस. आधी काठ दाखवलास, मग नळाखालची जागा दाखवलीस.

"हा माझा डाग. हा तुमचा. मोजून घ्या, कोणाचा मोठा."

तेव्हापासून आपण दोघांनी त्याला फक्त साबणाचं पाणी आणि मऊ फडकं. पारशी बाई सांगायची तसं. शिकायला दोन डाग खर्ची पडले.

न्हायचो मात्र त्यात मी एकटाच. रविवारी. तू बाहेरून दार वाजवायचीस, "म्हशीबाई, निघा आता, भात निवला!" महेश लहान होता, तो हसून लोळायचा. मी आतून म्हणायचो, "एकदा बसून तर बघ." तू म्हणायचीस, "तुमीच बसा. मी मेल्यावर आडवी होईन."

असं वर्षानुवर्षं चाललं. मला वाटायचं हा आपला खेळ आहे आणि तो असाच चालेल.

मग तुझे गुडघे गेले. बाजार सुटला. पाटी भिंतीला टांगलीस, त्या दिवशी तू जेवली नाहीस. मला सांगता येत होतं तेवढं मी सांगितलं, गरम पाण्यात पाय सोड. तू नाही म्हणालीस. मी पण मग सोडून दिलं.

तो थंडीतला दिवस मी विसरायचा नाही. मी पालघरला डॉक्टरकडे गेलो होतो, डोळ्यांना. गर्दी होती म्हणून न दाखवताच परत आलो. दुपारच्या आधीच घरी. तू अंगणात उन्हाला बसून केस वाळवत होतीस. माझ्याकडे बघितलंस ते असं, जसा काय घरात पाहुणा लपवलाय.

"लवकर आलात?"

"गर्दी होती. न्हालीस?"

"हां. तांब्यानं."

मी विचारलं नव्हतं कशानं. कोण विचारतं?

हातपाय धुवायला न्हाणीत गेलो. टब कोरडा होता. एक थेंब नाही. चांगला पुसला होतास. तोल सांभाळायला मी काठावर हात टेकला, आणि हात तिथंच राहिला. टब गरम होता. बीड आहे ते हिरे. पाणी सोडून दिलं, फडक्यानं पुसून घेतलं, तरी ऊब धरून बसतं. पाणी लपवशील. ऊब कशी पुसणार होतीस तू?

मी तिथं उभा राहून एकटाच हसलो. तोंडावर हात ठेवून. एवढ्या वर्षांनी जिंकलो होतो. बाहेर येऊन मोठ्यानं "काय म्हशीबाई!" म्हणायचं माझ्या ओठावर आलं होतं.

पण म्हणालो नाही. तुला ओळखत होतो. तोंडानं बोललो असतो तर तू परत त्या टबात पाय टाकला नसतास, मरेपर्यंत. गुडघे दुखले असते तरी नाही. म्हणून गप्प बसलो. त्या दिवशी ते बरोबरच वाटलं मला. चांगला वागतोय असंच वाटलं.

आणि मग मी बाहेर जायला लागलो. तू म्हणायचीस, "ह्या वयात कसली कामं काढता रोज?" कसली कामं? नाक्यावर बाकड्यावर बसायचो. जायच्या आधी बंब काठोकाठ भरून, नारळाची सोडणं घालून पेटवायचो. तू ओरडायचीस, "दोन माणसांना एवढं पाणी? सोडणं काय झाडाला लागतात?" मी म्हणायचो, झाडालाच लागतात. तुला हसू यायचं ते दाबायचीस.

टबाचं जुनं बूच फाटलं तेव्हा तू भोकात चिंधी गुंडाळलेला सोडणाचा तुकडा घालायला लागलीस, तो मला मोरीजवळ सापडला. मी बोईसरहून रबराचं बूच आणलं, साखळीला लावून तिथं सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी सोडणाचा तुकडा गायब. तू बोलली नाहीस. मी बोललो नाही. मग भिंतीत मी पाईपाचा एक दांडा बसवला, टबाच्या बाजूनं, तुझा हात पोचेल असा. तुला सांगितलं, टॉवेल टांगायला. तू म्हणालीस, बरं. एकदा पण त्यावर टॉवेल टांगला नाहीस. माझा टांगलेला दिसला की काढून दोरीवर टाकायचीस.

परत येताना गेटाजवळ मी खोकायचो. तुला वेळ मिळावा म्हणून. मोठ्यानं, चपला घासत. छातीत काही नसायचं. कधी कधी बाकड्यावर बसल्या बसल्या वाटायचं, घसरली असेल. एकटीच आहे आत, दार लावून, ते गुडघे घेऊन, उंच काठावरून पाय बाहेर काढतेय. उठून पळत यावंसं वाटायचं. पण लवकर आलो तर तू लाजणार. म्हणून बसून राहायचो. किती मूर्ख माणूस मी. बायको घरात न्हातेय आणि नवरा नाक्यावर घाम पुसत बसलाय.

एक शब्द बोललो असतो तर मी पाणी भरलं असतं. तुला बादल्या उचलायला लागल्या नसत्या. हाताला धरून आत घातलं असतं, बाहेर काढलं असतं. पाठ चोळून दिली असती. एवढ्या वर्षांत तुझी पाठ मी कधी चोळली नाही. तू माझी चोळायचीस, दर दिवाळीला, उटणं लावून, कातडी निघेपर्यंत.

आता दवाखान्याचं. ते लिहायला मला जड जातंय, पण ते नाही लिहिलं तर बाकीचं लिहून काय फायदा?

पालघरच्या दवाखान्यात तू शेवटचं बरं बोललीस तो दिवस. नाकातली नळी काढली होती थोडा वेळ. महेश पायाशी उभा होता. तू म्हणालीस, "अंगाला औषधाचा वास येतो. घरी गेल्यावर गरम पाण्यानं न्हायचंय."

मी म्हटलं, "मी भरतो पाणी."

तू माझ्याकडे बघितलंस. सरळ. आणि विचारलंस, "कशात?"

हिरे, मला एक शब्द बोलायचा होता. तो शब्द तोंडात होता. पण महेश उभा होता, शेजारच्या खाटेवर लोक होते. वर्षानुवर्षांची सवय होती न बोलायची, तुझी अब्रू राखायची. मी म्हणालो, "बादलीत."

तू हळूच म्हणालीस, "हां. बादलीतच." आणि डोळे मिटलेस. हसलीस का वैतागलीस, मला कळलं नाही. मी तेव्हापासून तेच शोधतोय.

तुला घरी आणलं तेव्हा बायका जमल्या होत्या. बंब मीच पेटवला. ओसरीवर तुला आडवी केली, चार बाजूंनी साड्या धरल्या आणि न्हाऊ घातलं. बाहेरून मला तांब्याचा आवाज येत होता. सावकाश ओतत होत्या. तू बोलली होतीस तसंच झालं. आडवी, मेल्यावर. आणि मी बोललो होतो तसंच झालं. बादलीनं.

इथपर्यंत लिहून वही बंद केली होती. पुढं काय लिहायचं हे माहीत नव्हतं. आज परत उघडली, कारण दोन गोष्टी झाल्या.

काल शनिवारी सुषमा आली होती. सून म्हणून तू तिला सुरुवातीला किती नावं ठेवलीस आणि शेवटी तिच्याच हातचं जेवायचीस. उद्या फोडाफोडी म्हणून न्हाणी आवरत होती. आतून हाक मारली, "बाबा, आईंचा साबण कुठं ठेवू?"

टबाच्या मागच्या कोनाड्यात होता. तुझा चंदनाचा. बादलीनं न्हाणाऱ्याचा हात तिथं पोचत नाही.  सुषमा माझ्याकडे बघून म्हणाली, "माहीत हाय मला. तुमाला पण माहीत हाय, ते पण माहीत हाय."

"कोणी सांगितलं?"

"आईंनीच. म्हणायच्या, 'ह्यांना कळलंय गं. मेले गेटाजवळ येऊन खोकतात. छातीत काय नाय आन् खोकतात. मी मनात म्हणते, खोका, अजून जरा खोका, केस पुसून व्हायचेत.'" ती हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. "बूच लावलंत त्या दिवशी मला फोन केला होता. म्हणे, 'बूच आणलं मेल्यानं. साखळीवालं.'"

मी खाली बसलो, टबाच्या काठावर.

"मग ती मला का नाय बोलली?"

"मी पण विचारलं. म्हणाल्या, 'हरायला माझी तयारी हाय. पण आधी त्यांनी तोंडानं बोलावं.'"

हिरे, मग तू "कशात?" विचारलंस ते उगाच नव्हतं. तू दार उघडून उभी होतीस. शेवटच्या वेळेला, नळ्या लागलेल्या असताना, तू हरायला तयार होऊन मला विचारलंस. आणि मी बादली पुढं केली. आता मला कळलं तू का डोळे मिटलेस. निदान मला असं वाटतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "एवढ्यात कळलं?"

आज रविवार. सकाळी महेश आला. बरोबर घणवाला, उत्तरेकडचा, तरणा माणूस. न्हाणीत जाऊन त्यानं टबावर बोटानं टकटक केलं. म्हणाला, "चाचा, बीड है. काच के माफिक फूटेगा. दो घाव में काम खतम."

मी टबाच्या काठावर बसलो होतो, तुझ्या डागावर.

"बाबा, उठा," महेश म्हणाला. "धूळ उडेल."

"टब फोडायचा नाय."

"आता परत? बाबा, आपलं ठरलं ना?"

"तुझं ठरलं. हा टब तुझ्या आईचा हाय."

"आईचा?" तो हसलाच. "आई तर शिव्या द्यायची टबाला."

"शिव्या द्यायची आन् ह्यातच न्हायची. मी बाहेर गेलो की. गुडघ्यांसाठी. मला माहीत होतं, मी बोललो नाय."

 मी पहिल्यांदाच कोणाला हे बोललो. एवढंसं वाक्य होतं गं. घशात अडकलं पण नाही. महेशनं दांड्याकडे बघितलं, मग साखळीच्या बुचाकडे, मग माझ्याकडे. विचारलं, "म्हणजे हा दांडा टॉवेलाचा नाय?"

"नाय."

तोंड फिरवून उभा राहिला. खांदे हलत होते. तुझ्यासारखाच, हसतो का रडतो कळत नाही. मग घणवाल्याला म्हणाला, जा, चहा पिऊन ये. आणि माझ्या बाजूला, माझ्या डागावर येऊन बसला. बाप-लेक टबाच्या काठावर.

"पण बाबा, तुमी पडलात तर? मी काय करू सांगा."

"भिंत फोड," मी म्हणालो. "मागची. मीच बांधलेली हाय, मला तिचं काय वाटत नाय. न्हाणी मागं वाढव, तिथं तुझ्या लाद्या घाल, खुर्ची बसव, फवारा लाव. मी खुर्चीवरच न्हाईन, शब्द देतो. टबात पाय टाकणार नाय. टब तिथंच राहील."

घणवाला परत आला तेव्हा त्याला भिंत दाखवली. तो म्हणाला, "चाचा, दीवार में टाइम लगेगा." मी म्हटलं, "लगने दो."

दुपारपर्यंत भिंतीला भलं मोठं भोक पडलं. आता तिथून टब अख्खा बाहेर काढता येईल, हिरे. तू विचारलं होतंस ना? तर हे उत्तर. काढायचा नाही, पण निघेल.

महेश राडारोडा गोण्यांत भरून गेला. मी टब धुतला. साबणाचं पाणी, मऊ फडकं. मग बंब पेटवला. काठोकाठ भरला, कोणी ओरडलं नाही. पहिली बादली टबात ओतून फिरवली आणि सोडून दिली. थंड बीड पहिलं पाणी पिऊन टाकतं, दुसरं मग गरम राहतं. तुला हे मी कधी सांगितलं नव्हतं. तू आपलं आपण शोधलं असशील, नाहीतर थंडच न्हाली असशील. ते पण विचारायचं राहिलं.

आता बूच लावलंय. पाणी दांड्याच्या खाली हातभर आलंय. तुझा साबण कोनाड्यातून काढून काठावर ठेवलाय, वाकायला लागू नये म्हणून.

तू विचारलं होतंस, कशात. मला उशीर झाला. टबात भरलंय हिरे, टबात.

मी नाक्यावर जाऊन बसतो. येताना गेटाजवळ खोकेन. तू घाई करू नको.